आधी हिशेब, मग कॅमेरा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दुकानांत आणि कारखान्यांत नोकरांकडून होणाऱ्या चोऱ्या पकडण्यासाठी छुपे कॅमेरे बसवावेत की नाही, याविषयी आपल्या वाचकपत्रांच्या सदरात चाललेली चर्चा मी लक्षपूर्वक वाचत आहे. दुकान माझे, माल माझा, मग नजर ठेवायला परवानगी कुणाची घ्यायची, असा काही व्यापारी मंडळींचा सवाल आहे. तर लपून पाहणे हाच मुळात अपराध आहे, असे काही वाचकांनी लिहिले आहे. मला दोन्ही मते अर्धवट वाटतात. आपल्या वडोदऱ्यातल्या मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतले लहान कारखाने आणि मांडवी व मंगळ बाजार भागातली दुकाने यांचे हिशेब तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगतो की छुप्या कॅमेऱ्याला जागा आहे, पण ती हिशेबाच्या नंतरची. तूट किती आणि नेमकी कुठे, हे जोवर वहीने दाखवलेले नाही, तोवर असा कॅमेरा लावू नये. लावला तरी त्यातून हाती बहुधा काही लागत नाही.

पितळेचे सुटे भाग करणाऱ्या वर्कशॉपचेच पाहा. आलेल्या सळ्यांचे वजन एका बाजूला आणि तयार नग, नापास नग व बुरादा (कातताना निघालेला धातूचा चुरा) यांचे वजन दुसऱ्या बाजूला, असा मेळ रोज बसायला हवा. परंतु लेथवर काम करताना थंडाव्यासाठी सोडलेले कूलंट हे द्रव बुराद्याला चिकटून राहते आणि ओला बुरादा कोरड्यापेक्षा जास्त भरतो, ही गोष्ट माल लांबवणाऱ्याला मालकाच्या आधी कळलेली असते. थोडे पितळ बाजूला काढून उरलेल्या ढिगावर कूलंट ओतले, की काट्यावर सगळे जागच्या जागी दिसते. माझ्या पाहण्यातल्या एका कारखान्यात मालकाने याच संशयावरून फाटकाजवळच्या विजेच्या बोर्डात कॅमेरा दडवला होता, आणि रात्री जेवण झाल्यावर ते घरी बसून सुटणाऱ्या पाळीतल्या प्रत्येकाची पिशवी न् डबा पडद्यावर निरखत असत. डब्यांत कधी काही सापडले नाही. बुरादा जाळीवर निथळून मगच तोलायचा आणि प्रत्येक पाळीचे वजन वेगळे लिहायचे, एवढी साधी शिस्त लावल्यावर तूट पहिल्यांदा कागदावर उमटली, आणि तीही एकाच पाळीत. पितळ जात होते ते लोखंडी भंगाराच्या पोत्यांच्या तळाशी, रीतसर गेटपास घेऊन, भंगारवाल्याच्या टेम्पोतून! त्यानंतर भंगाराच्या कोपऱ्यावर चार-सहा दिवस कॅमेरा ठेवला असता, तर त्याला मी हरकत घेतली नसती, कारण तोवर काय पाहायचे आणि कुठे पाहायचे हे ठरलेले होते.

दुकानांची गोष्ट थोडी वेगळी, पण मूळ दुखणे तेच. जुन्या कापड दुकानांत कापड दाखवणारा एक, बिल लिहिणारा दुसरा, गल्ल्यावर पैसे घेणारा तिसरा आणि बिलाशी ताडून पुडके हातात देणारा चौथा, अशी विभागणी असे. त्यात चोरी करायची तर दोघा-तिघांना सामील व्हावे लागे. आता पगार वाचवण्यासाठी ही सगळी कामे संगणकापुढे बसलेल्या एकाच माणसाकडे दिली जातात आणि मग त्याच्या डोक्यावर, भिंतीवरच्या घड्याळात, कॅमेरा बसवला जातो. हे मला उलटे वाटते. शिवाय हल्लीची गल्ल्यावरची चोरी हाताची राहिलेली नाही. गिऱ्हाईक गेल्यावर बिल रद्द करणे, न आलेला माल ‘परत आला’ असे दाखवून रोकड काढणे, ओळखीच्याला सवलत लावणे, हे सारे कळफलकावर घडते, आणि चित्रणात दिसतो तो मान खाली घालून काम करणारा माणूस. रद्द झालेल्या आणि परतीच्या बिलांची यादी रोज संध्याकाळी शेठनी स्वतः डोळ्यांखालून घातली, तर घड्याळातल्या कॅमेऱ्यापेक्षा ती जास्त बोलते. बँकांमध्ये संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान १० कामकाजाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तो याच विचाराने, की खुर्चीवर दुसरा माणूस बसला की दडवलेले आपोआप वर येते.

कॅमेऱ्याला मर्यादित जागा आहे, हे मी उगाच म्हणत नाही. स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळच्या एका सुपरमार्केटात २००९ साली असाच प्रसंग उद्भवला होता. तिथे साठा आणि विक्री यांत काही महिने दिसत असलेली तफावत जूनमध्ये २४ हजार युरोंच्या वर गेली, तेव्हा मालकाने गल्ल्यांवर रोखलेले छुपे कॅमेरे बसवले आणि दारांवर मात्र उघड कॅमेरे लावून त्यांचीच कल्पना नोकरांना दिली. चित्रण १० दिवस चालले आणि १४ जणांना कामावरून काढले. त्यांतले काही जण युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी २०१८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण १७ ऑक्टोबर २०१९ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने १४ विरुद्ध ३ मतांनी तो फिरवला. तूट आधी मोजलेली होती, कॅमेरे फक्त गल्ल्याच्या भागापुरते होते, मुदत थोडकी होती आणि चित्रण मोजक्याच लोकांनी पाहिले होते, या गोष्टी तिथे मालकाच्या पथ्यावर पडल्या. छुप्या कॅमेऱ्यांचे समर्थन करणारी मंडळी या निकालाचा दाखला देतात तेव्हा ‘तूट आधी मोजलेली होती’ हा भाग सोयीस्करपणे गाळतात.

आपल्याकडचा कायदाही मालकाच्या सरसकट विरोधात नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. तरीही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात, मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीवाचून वापरण्याची मुभा ठेवलेली आहे. नोकराने मालकाच्या मालाची चोरी केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दारावरच्या, पार्किंगमधल्या उघड कॅमेऱ्यांबद्दल तर वादच नाही, कारण गुजरातच्या २०२२ च्या सार्वजनिक सुरक्षाविषयक कायद्याने ठरावीक आस्थापनांना ते बंधनकारकच केले आहेत.

मात्र एका जागेबद्दल मला अजिबात तडजोड मान्य नाही. आपल्या बाजारातल्या कितीतरी दुकानांत मागची मालाची खोली हीच बायकांची कपडे बदलण्याची जागा असते. काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुली सकाळी तिथेच दुकानाची साडी नेसतात आणि दुपारी तिथेच गठ्ठ्यांवर बसून डबा खातात. महागडा मालही नेमका त्याच खोलीत असतो, म्हणून शेठना कॅमेरा तिथेच लावावासा वाटतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे, जिथे आपल्याला कुणी पाहत नाही असे स्त्रीने साहजिकपणे धरून चालावे अशा खासगी प्रसंगी तिला पाहणे किंवा टिपणे हा गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी त्याला किमान एक वर्षाची कैद आहे. ‘मी तर गठ्ठे मोजायला लावला होता’ हा खुलासा पोलीस ठाण्यात फार वेळ टिकेल असे मला वाटत नाही. आधी बायकांना वेगळी, कडी लागणारी खोली द्यावी आणि मगच मालाच्या खोलीचा विचार करावा.

चित्रण हाती आल्यावर जे घडते, ते तर याहून वाईट. औषधांच्या एका घाऊक दुकानात गोळ्यांच्या दोन पट्ट्या खिशात टाकताना सापडलेल्या मदतनिसाची चित्रफीत पोलिसांकडे गेलीच नाही. ती गेली व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर, आणि तिथून इतकी दूरवर की त्या मुलाला नंतर शहरात कुणी कामाला ठेवीना. चोरी त्याने केली होती, हे मी नाकारत नाही. पण त्याची शिक्षा ठरवण्याचे काम त्या गटाचे नव्हते. आणि गंमत अशी की, चार मोबाइलांतून फिरून आलेली अशी चित्रफीत न्यायालयात उभी करायची म्हटले, तर ती लंगडी पडते. मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर खटल्यात स्पष्ट केले; तिथेही प्रश्न चित्रणाचाच होता. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात उपकरणाच्या तपशिलाबरोबर फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेली तिची ओळखखूणही, द्यावे लागते. ज्यांनी मूळ रेकॉर्डर पुसून फक्त मोबाइलवरची ‘क्लिप’ जपून ठेवली, त्यांनी ते मूल्य कशाचे काढायचे?

आपल्या शहरातल्या व्यापारी मंडळांनी आणि मकरपुऱ्याच्या कारखानदारांनी आपल्या सभासदांसाठी एक पानाचे नियम करावेत, अशी माझी सूचना आहे. तुटीचा आकडा आणि संशयाची जागा लेखी नोंदवल्याशिवाय छुपा कॅमेरा लावू नये. लावल्यास त्याची मुदत आधी ठरवावी. आवाज टिपू नये. चित्रण मालक आणि हिशेबनीस या दोघांनीच पाहावे. संशयिताला ते दाखवून त्याचे म्हणणे लिहून घ्यावे आणि मगच पगार कापणे, काढून टाकणे किंवा फिर्याद यांचा निर्णय करावा. काही निष्पन्न झाले नाही, तर चित्रण पुसून टाकावे आणि पुसल्याची तारीख त्याच कागदावर लिहावी. कामगार संघटनांनीही ‘कॅमेरा नको’ एवढ्यावर न थांबता, कागदावर कामगारांच्या एका प्रतिनिधीची सही असावी असा आग्रह धरावा. नियमांचा असा मसुदा कुणी करायला घेतला, तर माल-मेळाच्या नोंदवहीचा नमुना मी विनामूल्य तयार करून देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हिशेब तपासनीस
दांडिया बाजार, वडोदरा