अण्णा, ती ढाल तेवढी कुणाला बंद करू देऊ नका

प्रिय आई आणि अण्णा,

सा. न.

येळवशीचा सण करून पुण्याला परत आल्यापासून एकच गोष्ट मनात घोळतीय, आपल्या कॉम्प्युटरच्या अँटीव्हायरसची. फोनवर विषय काढला की अण्णा "बरं बरं, बघतो" म्हणतेत आणि आई लगेच जेवलीस का विचारती, म्हणून म्हणलं लिहूनच काढावं. प्रिंट काढून पोस्टानं पाठवतीय, कॉम्प्युटरच्या टेबलावर काचेखाली ठेवा.

अण्णा, नोव्हेंबरात तुम्ही पेन्शनच्या कागदाची प्रिंट काढायला पेनड्राईव्ह बाहेर नेलता, घरी आणून लावला तर सगळे फोल्डर शॉर्टकट झाले, आणि हे तुम्ही मला सांगितलंच नाही. आईनं शेतात भज्जी वाढता वाढता सांगितलं, तुझ्या अण्णाला दोन दिवस जेवण गेलं नाही म्हणून. आईच्या बचत गटाचा हिशोब, सातबारा, तुम्ही चार वर्षांपासून टाइप करू लागलाव त्या शाळेच्या आठवणी, सगळं गेलं असं धरून तुम्ही एकटेच बसून राहिलात. मी रागावेन असं वाटलं का? मला तर त्या दोन दिवसांचंच जास्त वाईट वाटलं ओ. फाईली कुठंच गेल्या नव्हत्या, त्या व्हायरसनं खऱ्या फाईली नुसत्या लपवून ठेवल्या आणि त्याच नावाचे खोटे शॉर्टकट वर मांडले, आपण त्यावर क्लिक केलं की तोच चालू होतो. मी आलते तेव्हा अर्ध्या तासात सगळं परत दिसायला लागलं, तुम्ही बघितलंच की.

पण हे झालं कसं, ते तिथं घाईत नीट सांगता आलं नाही. आपल्या कॉम्प्युटरमध्ये अँटीव्हायरस आधीपासून आहे, विंडोजसोबतच येतो, त्याचं नाव डिफेंडर. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो पूर्ण अँटीव्हायरस म्हणून आतच असतो, त्याला एक रुपया लागत नाही. मग पेनड्राईव्हमधून कॉम्प्युटरमध्ये शिरलेला चोर त्यानं धरला कामून नाही? तर दोन वर्षांमागं कॉम्प्युटर दुरुस्तीला दिलता, त्यांनी फुकटचं चोरीचं ऑफिस टाकून दिलं, ते चालावं म्हणून डिफेंडर बंद केला, आणि एवढ्यावर थांबले नाहीत. मी एक्सक्लूजन्स उघडलं तर तिथं दोनच ओळी, सी ड्राईव्ह आणि डी ड्राईव्ह. पूर्ण. मला घामच फुटला. एक्सक्लूजन म्हणजे इथं बघू नको असं डिफेंडरला सांगणं. अण्णा, तुम्ही ज्वारीच्या जागलीला जायचे ना, तसं समजा जागल्याला माळ्यावर बसवलं आणि सांगितलं की ह्या रानाकडं बघायचं नाही आणि त्या रानाकडं पण नाही, आणि आपली रानं दोनच. रिअल-टाइम प्रोटेक्शन कुणी हातानं बंद केलं तर काही वेळानं ते आपलं आपण परत चालू होतं, एक्सक्लूजन मात्र आपण काढेपर्यंत तसंच राहतं. म्हणून दोन वर्षं वरून सगळं हिरवं दिसत होतं आणि कॉम्प्युटरमधल्या कुठल्याच फाईलीची राखण नव्हती.

त्या दोन्ही ओळी मी काढल्या, ते ऑफिस पण काढलं, त्याच्या जागी लिब्रे ऑफिस टाकलंय, ते रीतसर फुकट आहे आणि आईच्या हिशोबाच्या फाईली त्यात उघडतेत. नंतर ऑफलाईन स्कॅन लावला, त्यात मशीन स्वतः रीस्टार्ट होतं आणि विंडोज उठायच्या आधीच तपासणी होते, पंधराएक मिनिटं लागतात. हा स्कॅन लाईन जायच्या टायमाला लावू नका, मधीच बंद पडायला नको.

आता महिन्यातून एकदा, पेन्शन जमा झाली की त्याच दिवशी एवढं बघत जा. स्टार्टमध्ये सिक्युरिटी टाइप केलं की विंडोज सिक्युरिटी येतं, ढालीचं चित्र आहे. त्यात व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग मॅनेज सेटिंग्ज. रिअल-टाइम, क्लाउड आणि टॅम्पर प्रोटेक्शन, ही तिन्ही बटणं ऑन पाहिजेत. टॅम्पर म्हणजे कुठल्या प्रोग्रामनं आपल्या नकळत ह्या सेटिंग बदलू नयेत म्हणून लावलेली कडी. पण माणूस समोर बसून हातानं बंद करत असंल तर ती कडी त्याला अडवत नाही, म्हणून तर एवढं लिहितीय. त्याच पानावर खाली एक्सक्लूजन्स आहे, ते उघडून बघा, तिथं काही म्हणजे काही नसलं पाहिजे. एक जरी ओळ दिसली तर लगेच मला फोन करा, रात्रीचे अकरा वाजले असतील तरी करा. मागं येऊन प्रोटेक्शन अपडेट्समध्ये चेक फॉर अपडेट्स दाबा, नव्या व्हायरसची यादी दिवसातून कितीदा तरी येत असते, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर कधी कधी अडकून बसते.

अण्णा, परवा तुमचा फोन आलता की फाईल सेव्हच होईना, ते मीच केलतं. रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस म्हणून आहे, ते एरवी बंद असतं, मी मुद्दाम चालू केलं. रॅन्समवेअर फाईलींना कुलूप घालतं आणि किल्लीचे पैसे मागतं. हे चालू असलं की डॉक्युमेंट्स आणि फोटोच्या फोल्डरात अनोळखी प्रोग्रामला हात लावता येत नाही. तुमचं ते जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्याला अनोळखी वाटलं, म्हणून अडवलं. त्याच पानावर अलाउ अॅन अॅप आहे, त्यात अॅड अॅन अलाउड अॅप दाबलं की रिसेंटली ब्लॉक्ड अॅप्समध्ये त्याचं नाव दिसंल, त्याच्यापुढचं अधिकचं चिन्ह दाबा, झालं. फक्त तेवढंच नाव, दुसरं ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर हात लावू नका.

आपलं मशीन जुनं आहे, विंडोज ११ त्यावर चढत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरच्या याद्या विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत, पण याद्या वेगळ्या आणि विंडोजची दुरुस्ती वेगळी. आजोबांच्या माळवदावर दरसाल मिरगाच्या आधी पांढरी माती टाकायचे, एक साल चुकलं की पावसाळाभर खाली भांडी मांडत बसायचं, तसंच आहे हे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर आला, तो विंडोजच्या ज्या भोकातून शिरला त्याची दुरुस्ती मार्चमध्येच येऊन पडली होती, ज्यांनी टाकून घेतली नव्हती त्यांची कॉम्प्युटरं गेली. म्हणून मी आपल्या मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे जादा सिक्युरिटी अपडेट लावून दिलेत. त्याच्या आत नवं मशीन घेऊ, पैशाचं मी बघते, नको म्हणू नका.

आई, बचत गटाच्या बायांचे पेनड्राईव्ह तुझ्याकडं येतेत, लावला की आधी त्यावर राईट क्लिक करून स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर कर, मगच उघड. तुला आठवतंय ना, मी ती आयकारची फाईल उतरवून दाखवली, ६८ अक्षरांची, निरुपद्रवी, अँटीव्हायरस जागा आहे का बघायलाच केलेली. ती पूर्ण उतरायच्या आतच उजवीकडं खाली सूचना आली आणि तू म्हणलीस, "बरं झालं माय, कुणीतरी जागं हाय." तीच सूचना खरी. ब्राउझरमध्ये पूर्ण स्क्रीन लाल करून, भोंगा वाजवून, ह्या नंबरवर फोन करा म्हणणारी कधीच खरी नसते, डिफेंडर कधी फोन नंबर देत नाही. अल्ट आणि एफ४ दाबून बंद कर, नाहीच झालं तर सरळ मशीन बंद कर.

मोबाईलवर हा डिफेंडर नाही, हे मात्र लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाईल, म्हणजे मोबाईलमध्ये ॲप टाकणारी फाईल आली, अगदी सख्ख्या भावकीतून आली तरी उघडू नका, आधी फोन करून विचारा. आणि ओटीपी कुणाला सांगितला तर कुठलाच अँटीव्हायरस काही करू शकत नाही. पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, दुसरा मला, लाजायचं नाही.

अण्णा, आठवणींच्या फाईलीची एक कॉपी मी निळ्या पेनड्राईव्हवर घेतलीय, आईच्या कपाटात साड्यांखाली आहे. तो पेनड्राईव्ह बाहेर कुठंच न्यायचा नाही. दर रविवारी नवीन लिहिलेलं त्यात टाका आणि लगेच काढून ठेवा. मी परवा त्यातलं पुराच्या वर्षीचं प्रकरण वाचलं, शाळेत पाणी शिरलं आणि तुम्ही हजेरीपट डोक्यावर धरून निघालात ते. पुढचं कधी लिहिताय?

तुमची लेक