लांडगा साप आणि काळा पतंग

प्रिय सुन्या,

"मुलांना प्राण्यांची माहिती देणारी ही मराठी साइट बघ आणि दोन ओळींत कळव" म्हणालास खरा, पण दोन ओळींत आटपणारं काम नाही हे. कंपनीचे पैसे द्यायच्या आधी तू निदान एका मास्तराला विचारलंस, तेव्हा आता पूर्ण ऐक.

साइट दिसायला देखणी आहे. मोठी चित्रं, ठळक अक्षर, मध्ये कुठं जाहिरात नाही. आमच्याकडं एक प्रोजेक्टर आणि माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट. पहिलं पान उघडेपर्यंत मागच्या बाकावर खडूंची फेकाफेकी सुरू झाली होती, पण तो दोष आमच्या रेंजचा समजू.

पहिला शब्द मी मुलांनाच निवडू दिला. सहावीतला एक मेंढपाळाचा पोरगा म्हणाला, "सर, लांडगा टाका." मागच्या महिन्यात त्यांचं कोकरू लांडग्यानं नेलंय. टाकला. वर बर्फात उभा असलेला झुपकेदार परदेशी लांडगा आला आणि खाली काय, तर 'लांडगा साप'! अख्खा वर्ग हसून लोळला. मलाही क्षणभर उमगेना. मग लक्षात आलं, इंग्रजीतल्या 'वुल्फ स्नेक'ला मराठी टोपडं घातलंय. पुढच्या मोठ्या दातांवरून पडलेलं ते इंग्रजी नाव. तू आणि मी लहानपणी ज्याला बघून पळालो होतो, तोच हा कवड्या. पुढं घारीच्या फोटोखाली 'काळा पतंग' लिहिलेला, कारण इंग्रजीत घारही 'काइट' आणि पतंगही 'काइट'. मुलं म्हणाली, सर, मांजा कुठाय?

लांडग्याच्या पानावर लिहिलंय, तो घनदाट जंगलात राहतो. आता आमच्या पोरांनी यावर काय म्हणावं? माळढोकासाठी १९७९ साली झालेलं नान्नजचं अभयारण्य आमच्या शेजारी. इथं जंगल कसलं, गुडघाभर गवताचा माळ. त्यातच काळवीट, त्यातच लांडगा. माळढोकाचं तर पानच नाही. जिराफाची मात्र तीन पानं. देशात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेला, जमिनीवर एकच अंडं घालणारा हा पक्षी सोलापूरच्या मुलांच्या साइटवर नसावा, याचा मला राग आला, खोटं कशाला बोलू.

पण हसू खरं थांबलं ते मण्यारीच्या पानावर. तिथंही फोटो कवड्याचाच! हे मी चारदा बघितलं. कवड्याचे पांढरे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडं विरत जातात. मण्यारीचे मानेपासून थोडे मागं सुरू होतात, बहुधा जोडीजोडीनं, आणि शेपटीकडं अधिक स्पष्ट होतात. पाठीच्या मधल्या रांगेतले खवलेही मण्यारीचे मोठे, षटकोनी. कवड्या बिनविषारी. मण्यार मात्र जहाल विषारी, आणि चावली तर ना फार दुखत, ना सुजत, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते रात्री. माझी निम्मी मुलं जमिनीवर झोपतात. हे चित्र बघून उद्या एखाद्यानं मण्यारीला कवड्या समजून काठीनं उचललं, तर? मी प्रोजेक्टर बंद केला, फळ्यावर दोन्ही साप काढले, आणि 'ओळखता आला तरी हात लावायचा नाही' हे सगळ्यांकडून तीनदा म्हणून घेतलं.

चित्त्याच्या पानावर 'भारतातून नामशेष' एवढंच. सातवीतली एक पोरगी उठून म्हणाली, "सर, कुनोत आणलेत की!" खरंच आहे, १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आले. पान कधी लिहिलं, कुणी तपासलं, कुठंच नोंद नाही. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या साइटवर एखादा अनपेक्षित पक्षी नोंदवलास, तर तपासणारा माणूस तुला विचारतो, खरंच दिसला का. इथं विचारायला कुणी नाही आणि चूक कळवायलाही जागा नाही.

एक गोष्ट मात्र फार छान जमलीय, पाऊलखुणांचा खेळ. कुत्र्याच्या कुळातल्या ठशात नख्या उमटतात, मांजराच्या कुळात बहुधा नाही (चित्ता तेवढा अपवाद, आणि खेळात तो अपवादही बरोबर घेतलाय). दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठच्या चिखलातला ठसा दाखवायला सहा जणांनी मला ओढत नेलं. कुत्र्याचा की लांडग्याचा, यावर अजून भांडण चालू आहे. ज्यानं हा खेळ केला, त्याला माझा नमस्कार कळव.

तेव्हा माझं म्हणणं असं: पैसे द्या, पण आत्ता नाही. मण्यारीचं पान आजच्या आज उतरवा. मराठी नावं मशीनकडून न घेता एखाद्या सर्पमित्राकडून, धनगराकडून घ्या. पानाखाली तपासणाऱ्याचं नाव आणि तारीख टाका. मग मी पुन्हा वर्गात लावतो.

आणि दिवाळीत येशील तेव्हा तुझी जुनी दुर्बीण घेऊन ये. शाळेतल्या दुर्बिणीचं डावं भिंग निखळलंय. पोरं एक डोळा मिटून माळ बघतात.

तुझा,
मास्तर