प्रत्येक ‘बॅरल’ पिंप नसते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कच्च्या तेलाचा भाव चढला की आपल्या अर्थविषयक पानावर ‘प्रतिपिंप’ दर छापून येतो आणि शेजारी पिंपांच्या चळतीचे छायाचित्र असते. आमच्या चाळीतल्या एका शेजाऱ्यांनी त्याच भरवशावर परवा ८० डॉलरना २०० ने भागले, कारण गॅलरीत पाणी भरून ठेवलेले त्यांचे निळे पिंप २०० लिटरचे आहे, आणि कच्चे तेल लिटरला ४० सेंट पडते असा निकाल देऊन टाकला. तेलाच्या व्यवहारातले बॅरल मात्र ४२ अमेरिकी गॅलनांचे, म्हणजे सुमारे १५९ लिटरचे असते. त्या हिशेबाने लिटर अर्ध्या डॉलरला पडतो. पेनसिल्व्हेनियातल्या उत्पादकांनी १८६६ मध्ये हे माप मान्य केले तेव्हा तेल खरोखरच लाकडी पिंपांतून जाई आणि वाटेत झिरपे, म्हणून ४० गॅलनांमागे २ गॅलन गिऱ्हाइकाला वरकड दिले जात. आज मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपाला लागलेल्या टँकरमधले तेल नळांतून माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत जाते. त्या वाटेवर पिंप कुठेच लागत नाही.

दुसरी तक्रार भाषांतराची. ‘बॅरल’ दिसले की ‘पिंप’ लिहायचे, ही सवय अलीकडे फार वाढली आहे. गोरेगावच्या एका गाळ्यात मी अनेक वर्षे प्लास्टिक मोल्डिंगच्या मशीनवर काम केले. तिथे बॅरल म्हणजे हॉपरखालचे, म्हणजे प्लास्टिकचा दाणा ओतायच्या नरसाळ्याखालचे, आडवे, जाड पोलादी नळकांडे. बाहेरून हीटरचे पट्टे आवळलेले आणि आत फिरणारा स्क्रू, जो वितळलेला दाणा नोझलकडे, म्हणजे पुढच्या तोंडाकडे, रेटतो. दोनशे अंशांवर तापलेल्या त्या वस्तूला कोणी पिंप म्हटले असते तर हेल्परसुद्धा हसला असता. बंदुकीच्या बॅरलला आपल्याकडे नळी हा शब्द आहेच, सिरिंजलाही तोच चालतो. वाइन मुरवायच्या ओकच्या बॅरलला मात्र पिंप म्हणावे, तिथे तो शोभतो. (परक्या शब्दांशी माझे वैर नाही, पिंप तरी कुठे आपले, पोर्तुगिजांच्या ‘पिपा’वरूनच आले.)

तेव्हा तेलाच्या बातमीत ‘प्रतिबॅरल’ असे छापून पहिल्या उल्लेखापाशी १५९ लिटरचा आकडा द्यावा, ही विनंती. छायाचित्र टँकरचे चालेल.

आपला,
एक निवृत्त मशीन ऑपरेटर, गोरेगाव (पूर्व), मुंबई