डबलरच्या आधी बिजागरी

भावा,

तुझा मेसेज वाचला आणि म्हटलं फोनवर सांगून हे तुझ्या डोक्यात शिरायचं नाही, लिहूनच पाठवूया. तुझ्या कॅनॉनच्या 55-250 एमएम झूम लेन्सला टू-एक्स डबलर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी दुप्पट मोठं दाखवणारी काच, लावायचा, 500 एमएम करायचं आणि पुण्याच्या गच्चीवरनं मृगातला तेजोमेघ काढायचा, असा बेत हाय तर. थांब मर्दा. पैसे अजून दिले नसशील तर थांबच, मी मागल्या वर्षी ह्याच खड्ड्यात पडलोय.

कॅनॉनचा स्वतःचा डबलर, त्याला ते एक्स्टेंडर म्हणतात, आपल्या लेन्सला बसतच नाही, त्याची पुढं आलेली काच आडवी येते, म्हणून मी ऑनलाइन कुठला तरी स्वस्तातला मागवला. बसला झकास. पन्हाळ्यावर गेलो, फोटो काढला, स्क्रीनवर बघतोय तर नुसता अंधार आणि चार जांभळ्या कडांचे ठिपके. त्याचं असं हाय बघ, 250 ला एफ 5.6 म्हणजे 250 भागिले 5.6, लेन्सचं तोंड साधारण 45 मिलिमीटरचं, आणि डबलर लावला म्हणून ते तोंड काय मोठं होत नाही. तेवढाच उजेड चौपट जागेवर पसरतो, एफ 11 होतो, म्हणजे जिथं एक मिनिट लागत होतं तिथं चार मिनिटं लागणार, आणि लेन्सच्या ज्या खोडी आधी दिसत नव्हत्या त्या पण डबल होऊन समोर येतात. पाहुण्यांना रस्सा पुरत नाही म्हणून पाणी ओतल्यासारखं, वाट्या वाढतात पण चव जाते.

त्यात पृथ्वी गप बसत नाही. मृगाच्या पट्ट्याजवळचा तारा सेकंदाला 15 आर्कसेकंद (अंशाचा 3600 वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) सरकतो. तुझ्या 200डी कॅमेऱ्यावर 250 ला एक पिक्सेल म्हणजे साधारण 3 आर्कसेकंद, म्हणजे साध्या ट्रायपॉडवर एका सेकंदात तारा पाच पिक्सेल पळाला, आणि डबलर लावलास की दहा. तू लांबचं बघायला जातोयस आणि पळणाऱ्याचा वेग वाढवून घेतोयस.

म्हणून आधी बिजागरी. हसू नकोस. दोन फळ्या, एका बाजूला दाराची बिजागरी, दुसऱ्या बाजूनं एक बोल्ट, तो फिरेल तशी वरची फळी उघडत जाते आणि कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरतो. जॉर्ज हेग नावाच्या स्कॉटिश माणसानं 1970 च्या दशकात ही युक्ती काढली. सहा एमएमचा बोल्ट घे, त्याच्या आट्यांचं अंतर एक मिलिमीटर असतं, मिनिटाला एक फेरा मारायचा, मग बिजागरीपासनं बोल्ट 228.6 मिलिमीटरवर पाहिजे. मी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात करून घेतलं, आपल्या कोल्हापुरात लोखंडाचं काम करून घ्यायला कुठं लांब जायला लागतंय? गडी म्हणाला दोन-तीन एमएमनं काय फरक पडतोय, मी म्हटलं पडतोय मामा, तीन मिलिमीटर चुकलं तर 30 सेकंदात माझा तारा दोन पिक्सेल सरकतोय. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की विचारू नकोस, पण भोक मात्र बरोब्बर पाडलं. बोल्टला एक आरपीएमची गिअर मोटर लावली, हातानं फिरवलं की कॅमेरा हलतो.

खरा ताप ध्रुवताऱ्याचा. आकाश त्याच्याभोवती फिरल्यासारखं दिसतं, म्हणून बिजागरीचा दांडा त्याच्याकडं रोखायचा असतो आणि आपल्याकडं तो क्षितिजापासनं जेमतेम 17 अंशांवर. गाळपाच्या दिवसात कुणी पाचट पेटवलेलं असतंय, कुठं गुऱ्हाळ चालू असतंय, त्या धुरात तो सापडतच नाही. शिवाय तो नेमका ध्रुवावर पण नाही, अर्ध्या अंशापेक्षा जरा जास्तच बाजूला हाय. मसाई पठारावर जरा बरं दिसतंय. आई म्हणती अमावस्येला डोंगरावर जाऊ नकोस, आणि मला अमावस्याच पाहिजे असते, आता तिला काय सांगू.

डबलरच्या पैशात मी काय केलं ते ऐक. एका जुन्या स्टुडिओवाल्याकडनं 200 एमएम एफ 4 ची फिल्मच्या जमान्यातली लेन्स घेतली, एम-42 नावाच्या जुन्या मापाच्या आट्यांची, साध्या रिंगनं कॅनॉनला बसते आणि अनंतावर फोकस पण होतो. (मृगातल्या तेजोमेघाचा नंबर पण एम-42, योगायोग बघ.) आकड्यानं 200 म्हणजे तुझ्यापेक्षा कमी, पण तोंड 50 मिलिमीटरचं! घेताना टॉर्च मारून आत बुरशी हाय का बघ, आपल्याकडच्या पावसात लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही. माझी आता सिलिका जेल टाकून चटणीच्या डब्यात असते, डबा धुतलाय, काळजी करू नकोस.

आणि तुला जे जवळ आणायचंय ते कॉम्प्युटरवर आण. तीस-तीस सेकंदाचे शंभर फोटो काढ, मधे मधे फ्रेम जराशी सरकव, आणि डीपस्कायस्टॅकर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, फुकट हाय ते, एकावर एक रच. शंभर फोटोंनी अंधारात दिसणारे रवाळ दाणे दहापट कमी होतात. त्यातच ड्रिझल नावाचा पर्याय हाय, हबल दुर्बिणीच्या डीप फील्ड नावाच्या फोटोसाठी काढलेली पद्धत, सरकलेल्या फ्रेममधनं बारीक तपशील वर काढते. मग खुशाल क्रॉप कर. देवयानी दीर्घिका तर तशी पण तीन अंशांची हाय, सहा पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवल्यासारखी, 500 मध्ये तिची कड कापली जाईल.

स्टॅबिलायझर बंद कर आणि फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट झूम करून हातानं कर, हे पुन्हा पुन्हा सांगतोय कारण मी दोन रात्री ह्यातच घालवल्यात.

एप्रिलच्या अमावस्येला ये. ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोल गुच्छ इथनं 26 अंशांपर्यंत वर येतो, दक्षिणेला ढग नसले तर काढू. येताना तुझा ट्रायपॉड आण, माझ्याचा एक पाय सटकतोय. आणि रात्री जागायचंय म्हणून संध्याकाळी तांबडा हाणायचा नाही, मागच्या वेळी तू गाडीत झोपलास आणि मी एकटाच कुत्री हाकत बसलो होतो.

तुझाच,
डबलर विकायला काढलेला मित्र