हिवाळा शून्याभोवती घुटमळतो तेव्हा: रस्ते मंत्र्यांना खुले पत्र

माननीय रस्ते मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

थंड प्रदेशातले हिवाळी आराखडे मोठ्या हिमवादळाच्या धास्तीने आखले जातात. आता मात्र दुपारी पाऊस, संध्याकाळी भुरभुर बर्फ आणि पहाटे रस्त्यावर काचेसारखा बर्फ, असं एकाच दिवसात घडतं. टायर आणि बूट सर्वांत जास्त घसरतात ते उणे २० अंश सेल्सिअसच्या कोरड्या बर्फावर नाही, तर शून्याच्या जवळच्या ओल्या बर्फावर. तेव्हा आराखडा त्या ओल्या बर्फासाठी करा, एवढंच मागणं घेऊन हे पत्र लिहीत आहोत.

पहिली चूक तापमान मोजण्यात होते. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून साधारण दीड-दोन मीटर उंचीवर असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री रस्ता आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि हवेपेक्षा काही अंश जास्त थंड होतो. तापमापक शून्याच्या वर २ अंश दाखवतो, तेव्हा डांबर गोठणबिंदूखाली गेलेलं असू शकतं. त्यात पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूच्याही (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प साचू लागतं त्याच्या) खाली उतरलं, की हवेतलं बाष्पच त्यावर गोठतं. पुलाला खालून जमिनीची ऊब नसते, तो दोन्ही बाजूंनी थंड होतो, म्हणून आधी पूल गोठतो. तेव्हा पूल, सावलीतली वळणं आणि सखल भाग इथे पृष्ठभागाचं तापमान मोजणारे संवेदक बसवा, आणि मीठ टाकणाऱ्या गाड्या बाहेर काढायचा हुकूम त्या आकड्यावर द्या. ठराविक वेळ झाली म्हणून गाड्या काढण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाची. एक किलो मीठ उणे १ अंशाला साधारण ४६ किलो बर्फ वितळवतं. उणे ७ ला तेच मीठ नऊ किलोही वितळवत नाही. उणे ९-१० च्या खाली नुसतं मीठ ओतत राहणं म्हणजे पैसा, झाडं आणि विहिरी यांची नासाडी. तिथे कॅल्शियम क्लोराइड वापरावं किंवा वाळू टाकावी. वाळू बर्फ वितळवत नाही, फक्त पकड देते, हे कंत्राटदाराला आणि जनतेलाही स्पष्ट सांगावं.

खरी बचत बर्फ पडण्याआधी मिठाचं पाणी फवारण्यात आहे. १०० लिटर पाण्यात ३० किलो मीठ घातलं, की वजनाने सुमारे २३ टक्क्यांचं द्रावण होतं. ते सर्वांत कमी तापमानाला, म्हणजे उणे २१ ला गोठतं. जास्त घट्ट केलं तर फायदा होत नाही. उलट थंडीत मीठ खडे धरून खाली बसतं आणि नोझल तुंबतात. म्हणून प्रत्येक टाकीजवळ घनतामापक हवाच, तो पाण्याच्या १.१८ पट घनतेच्या आसपास दाखवायला हवा. एका मार्गिकेच्या किलोमीटरला ७० ते १२० लिटर पुरतात. फवारा सलग नको, पट्ट्यापट्ट्यांनी हवा. असं केलं तर बर्फ डांबराला चिकटत नाही आणि प्लाऊने, म्हणजे बर्फ बाजूला ढकलणाऱ्या गाडीने, साफ निघतो. मात्र बर्फाआधी पाऊस येणार असेल तर फवारणी करूच नका, सगळं गटारात वाहून जाईल. पडताक्षणी गोठणाऱ्या पावसाला वेगळी रीत लागते: ओलं केलेलं मीठ पाऊस सुरू होतानाच टाकायचं आणि फेऱ्या चालू ठेवायच्या. कोरडं मीठ उडून कडेला जातं, ओलं जागेवर बसतं.

आता पादचाऱ्यांचं, कारण आराखड्यात ते नेहमी शेवटच्या पानावर असतात. एखादा बसथांबा बघा. प्लाऊ रस्ता साफ करून जातो आणि थांब्यासमोर गुडघाभर उंचीचा बांध घालून जातो. दुपारी तो बांध पाझरतो. गटाराची जाळी बर्फाखाली गाडलेली, म्हणून पाणी फुटपाथवर पसरतं आणि सूर्य कलला की तिथेच गोठतं. सकाळच्या पहिल्या बससाठी हातात काठी असलेली आजी नेमकी त्यावर पाय ठेवते. उपाय महागडा नाही. जाळ्यांच्या जागा हिवाळ्याआधी खांबांवर खुणा करून ठेवायच्या, प्लाऊमागे फावडी घेतलेली दोन माणसं पाठवायची, बर्फाचा ढीग उताराच्या खालच्या बाजूला घालायचा. छताच्या पन्हळीचं पाणी फुटपाथवर सोडायला मनाई करावी. दुसरी फेरी सूर्यास्ताच्या आधी, पाणी अजून पाणी असतानाच व्हावी.

वीज जाण्याचीही तयारी हवी. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या पूर्व भागात गोठत्या पावसाने विजेचे मनोरे वाकवले आणि लाखो लोक अंधारात गेले, काही ठिकाणी तर कित्येक आठवडे. अशा वेळी थंडीइतकाच घात कार्बन मोनॉक्साइड करतो. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये नको, खिडक्या-दारांपासून किमान सहा मीटर दूर हवा. ही सूचना वादळाच्या आदल्या दिवशी प्रत्येक मोबाइलवर पोचली पाहिजे.

शेवटी कंत्राटाबद्दल. मिठाच्या टनावर पैसे दिले तर जास्त मीठ पडणारच. पैसे रस्त्याच्या अवस्थेवर द्या. आणि हंगामाआधी प्रत्येक मीठ पसरणाऱ्या गाडीची चाचणी घ्या: खाली ताडपत्री अंथरायची, यंत्र एक मिनिट चालवायचं, पडलेलं मीठ तोलायचं. गाडीच्या पडद्यावरचा आकडा आणि तराजूचा आकडा जुळेपर्यंत ती गाडी रस्त्यावर सोडू नये.

आपले,
हिवाळी रस्ते देखभालीतले कर्मचारी