निळी भिंत फोटोत शोभते, पण…

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गडद निळ्या भिंतीचा फोटो आला आणि सोमवारपासून आम्हा रंगाऱ्यांना मोबाईल पुढे करून ‘अस्संच करून द्या’ सुरू झालं. फोटोतली खिडकी भिंतभर. इथं सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरात दहा बाय बाराची खोली, एकच खिडकी आणि तीही बोळात उघडणारी.

परवा एका घरी आई पिवळ्यासाठी आणि मुलगा निळ्यासाठी हटून बसले. मी शेडकार्ड मिटलं आणि दोन्ही रंगांचे दोन-दोन फुटी पट्टे भिंतीवरच मारले, खिडकीपाशी आणि आतल्या कोपऱ्यातही. दुपारी खिडकीपाशी निळा असा खुलला की मुलगा जिंकल्यातच जमा होता. कोपऱ्यात मात्र तोच निळा चक्क काळा! रात्री पांढऱ्या ट्यूबखाली पिवळा हिरवट मारायला लागला, पिवळा बल्ब लावल्यावर हळदीसारखा उजळला.

पिवळ्याच्याही खोडी आहेत. चारही भिंतींना दिला की एकीचा उजेड दुसरीवर पडून तो कार्डापेक्षा भडक दिसतो, म्हणून एक शेड फिकाच घ्यावा. शिवाय दोन हातांत, म्हणजे दोन थरांत, खालचा रंग नीट झाकत नाही. निळा झकास झाकतो. पण उद्या कंटाळा आला, की आधी पांढरा प्रायमर आणि वर पुन्हा दोन हात. तो खर्च कुणी आधी धरत नाही.

त्यात आपल्याकडं पूर. 2005, 2019, 2021 ला ज्या भिंती पाण्यात होत्या, त्यांच्यातला क्षार ओल सुकताना वर येतो आणि पांढरा फुटतो. फिकट भिंतीवर तो खपून जातो, निळ्यावर लांबून दिसतो. त्यावर प्लास्टिक पेंट चोपडला तर आतली ओल कोंडते आणि पोपडे धरतात. अशा भिंतीला चुनाच बरा, मग ‘जुनाट’ म्हणणारे म्हणोत.

म्हणून तळमजल्याला मी निळ्याला सरळ नाही म्हणतो. माडीवर खुशाल द्या, मलाही आवडतो. त्या घरी तसंच झालं: खाली फिका पिवळा, वर मुलाच्या खोलीत एक भिंत निळी.

पुढच्या वेळी फोटोखाली खोलीचं माप, खिडकीची दिशा आणि दिवा कोणता, एवढं छापा. आणि ते नवरात्राच्या आधी येऊ द्या. दसरा उलटला की दिवाळीपर्यंत आम्हाला शिडीवरून उतरायला सवड नसते.

आपला,
एक रंगारी, सांगली