नदीच्या पत्रांवर उभं राहिलेलं राज्य

जोहोर बारू, मलेशिया

तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

इथल्या सुलतानांबद्दल तुम्ही विचारलंत, म्हणून सवडीने लिहितेय. हे गाव ज्यांनी घडवलं ते अबू बकर, जन्म १८३३ चा. ते मुळात सुलतान नव्हतेच. त्यांचं घराणं तेमेंगोंगांचं, म्हणजे सुलतानाच्या पदरच्या वंशपरंपरागत सरदारांचं. छत्रपतींची गादी साताऱ्यात आणि कारभार पेशव्यांकडे, तशातलाच प्रकार. १८५५ च्या तहात सुलतान अलींकडे किताब आणि मुआर नदीकाठचा मुलूख राहिला, बाकीचं जोहोर राज्य अबू बकरांच्या वडिलांना मिळालं. १८६२ ला वडील गेले आणि कारभार यांच्या हाती आला.

पण मुलूख म्हणजे जंगल. माणसंच नाहीत तिथे महसूल कुठला? त्याचं उत्तर तुमच्या पानाच्या डब्यात आहे: कात! आपला खैराच्या लाकडाचा, इथला गांबीर नावाच्या वेलवजा झुडपाच्या पाल्याचा. पाला आणि कोवळ्या डहाळ्या छाटायच्या, मोठ्या लोखंडी कढईत तासन्‌तास उकळायच्या, चोथा पिळून काढायचा आणि रस दाट होईपर्यंत आटवायचा. मग लाकडी दांड्याने घोटत राहायचं. पिवळ्या चिखलासारखा गोळा झाला की साच्यात ओतून इंचभराच्या वड्या कापायच्या आणि वाळवायच्या. उरलेला चोथा मिरीच्या वेलांच्या बुंध्याशी खत म्हणून. त्यामुळे दोन्ही पिकं जोडीनेच लावत, साधारण दहा भाग गांबिराला एक भाग मिरी. युरोपातले चामडं कमावणारे हा कात भराभर उचलत.

यातली खोट सरपणात होती. भट्टी सतत पेटती ठेवायची तर मळ्याभोवतीचं रान तुटतच जायचं. वर गांबीर जमिनीचा कस इतका ओढतं की पंधरा-वीस वर्षांत मळा निकामी. मग सोडायचा आणि पुढच्या नदीकाठी नवं रान तोडायचं.

म्हणूनच इथे जमीन न देता नदी देत. ‘सुरात सुंगाई’, म्हणजे नदीचं पत्र. वडिलांच्या काळापासूनची ही पद्धत अबू बकरांनी १८७३ मध्ये कायद्यात बांधली. पत्र ज्याच्या नावाचं तो कांगचू, बहुतेक तिओच्यू, म्हणजे दक्षिण चीनमधून आलेला चिनी. त्याने मजूर आणायचे, मळे उभे करायचे, सरकारचा भरणा करायचा. बदल्यात त्या वस्तीत अफू, दारू, जुगार आणि गहाणवटीचा मक्ता त्याचा. मजुराची मजुरी फिरून त्याच्याच दुकानात यायची. राज्य या पैशावर उभं राहिलं, आणि ते मजुरांच्या घामाचंच होतं, हे सोडून अबू बकरांचं कौतुक करणं मला पटत नाही.

मात्र कारभारी पक्का. १८७४ पासून इंग्रजांनी शेजारच्या मलय राज्यांत दरबारावर देखरेख ठेवणारे रेसिडेंट बसवायला सुरुवात केली. रेसिडेंट म्हणजे काय, हे सातारकरांना सांगायला नको. अबू बकरांनी खजिना, पोलीस, न्यायालय, दप्तर आधीच इंग्रजी धर्तीवर लावून ठेवलं होतं. घर नीट चाललेलं दिसलं, तर हात घालायला निमित्त कुठलं? स्वतः लंडनला जाऊन राणी व्हिक्टोरियाला भेटले. १८६८ ला ‘महाराजा’ झाले, आणि ११ डिसेंबर १८८५ च्या लंडनच्या तहात ‘सुलतान’. त्याची किंमत म्हणून परराष्ट्र व्यवहार इंग्रजांकडे गेला.

त्यांचं सगळ्यात मोठं काम अगदी शेवटचं. १४ एप्रिल १८९५ ला त्यांनी जोहोरला लिखित राज्यघटना दिली, मलय राज्यांतली पहिली. राज्याचा कुठलाही भाग परक्या सत्तेला देता येणार नाही, असं तिच्यात स्पष्ट कलम आहे. त्यानंतर सात आठवड्यांनी, ४ जूनला, ते लंडनमध्ये वारले. देह इथे आणून सप्टेंबरात दफन केला. सामुद्रधुनीकाठच्या टेकडीवरची त्यांच्या नावाची मशीद १८९२ ला सुरू झाली होती, ती १९०० ला पुरी झाली. तिचे मनोरे विलायती घड्याळाच्या मनोऱ्यांसारखे दिसतात.

१९१४ मध्ये मुलाला, सुलतान इब्राहिमना, इंग्रज सल्लागार घ्यावाच लागला. पण सगळ्या मलय राज्यांत जोहोर शेवटचं. कांगचूंची पद्धत १९१७ ला कायद्याने बंद झाली. राज्यचिन्हाच्या कडेला मात्र गांबीर आणि मिरीची पानं अजून आहेत.

सोबत गांबिराच्या चार वड्या पाठवतेय. बाहेरून तांबूस-तपकिरी, मोडली की आत फिकट आणि ठिसूळ. आधी कडू-तुरट लागते, मग जिभेवर गोडसर. पानाला आपल्या कातापेक्षा कमीच लावा.

आईला नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमची नात